'इन' नावाची स्ट्रिंग: ॲप मराठीत नेताना कुठे अडलं

"नवीन भाव साठी तूर मध्ये औसा." बाजारभावाच्या ॲपमध्ये मराठी निवडल्यावर आलेली पहिली सूचना ही. शब्द सगळे मराठी, वाक्य कुठलंच नाही.

भाषांतरासाठी कोडातला मजकूर बाहेर काढून वेगळ्या फाइलीत ठेवणं ही तशी हमाली; असा प्रत्येक नाव दिलेला मजकूर म्हणजे एक स्ट्रिंग. अँड्रॉइड स्टुडिओत (ॲप लिहायच्या साधनात) अवतरणातल्या मजकुरावर कर्सर ठेवायचा, ऑल्ट-एंटर, 'एक्स्ट्रॅक्ट स्ट्रिंग रिसोर्स', नाव द्यायचं, झालं. इंग्रजी व्हॅल्यूज फोल्डरात, मराठी व्हॅल्यूज-एमआरमध्ये. लॉगचे संदेश आणि डेटाबेसच्या कॉलमची नावं मात्र कोडातच राहू द्या.

अडलं ते जोडाजोडीत. मूळ कोडात 'न्यू रेट फॉर', अधिकचं चिन्ह, पीक, पुन्हा अधिक, 'इन', मग गाव. मी तुकडा न् तुकडा वेगळा काढला. भाषांतर करणाऱ्यापुढे नुसता 'इन' आला, त्याने 'मध्ये' लिहिलं. त्याची काय चूक?

अख्खं वाक्य ही एकच स्ट्रिंग हवी, आणि रिकाम्या जागांना क्रमांक हवेत: टक्का, १, डॉलर, एस म्हणजे पीक, २ म्हणजे गाव. मग मराठीत २ आधी आणि १ नंतर ठेवता येतो. तरी निघालं काय? "औसा मध्ये तूर चा नवा भाव." क्रम सुधारला, पण औसा औशात होतो, जालना जालन्यात, लोहा लोह्यात, परभणी परभणीत, बीडला मात्र 'मध्ये' चालतं. गावांची यादी सर्व्हरवरून येते, प्रत्येकाचं रूप कुठे साठवणार? उत्तर लग्नपत्रिकेत होतं: 'औसा येथे', 'जालना येथे'. नाव जसंच्या तसं राहतं आणि कुणालाही खटकत नाही.

पिकं मोजकीच, म्हणून त्यांची सामान्यरूपं वेगळ्या स्ट्रिंगमध्ये ठेवली: तुरी, कापसा, हरभऱ्या, गव्हा, सोयाबीन. वाक्यात 'चा' त्या जागेला चिकटून लिहायचा, मधे स्पेस नको. "औसा येथे तुरीचा नवा भाव." हे वाक्य पडद्यावर दिसलं तेव्हा कुठे बरं वाटलं.

पुढचा खोडा लिंगाचा. तूर आली, कापूस आला, सोयाबीन आलं. तीन-तीन वाक्यं लिहायला बसलोही होतो, पण मोंढ्यातला शब्द कामाला आला: आवक. तुरीची आवक झाली, कापसाची आवक झाली. क्रियापद आवकेशी बांधलं की पीक कुठलंही येऊ द्या.

आकड्यांचं सांगायचं राहिलंच. फोनची भाषा मराठी करताच शोध चालेना. स्ट्रिंग डॉट फॉरमॅटला (आकडे मजकुरात बसवणाऱ्या आज्ञेला) लोकेल, म्हणजे कुठल्या भाषेच्या पद्धतीने लिहायचं ते, दिलं नाही तर ते फोनच्या भाषेतले आकडे घेतं. सर्व्हरच्या पत्त्यात इंग्रजी आकड्यांऐवजी थेट ५२५० गेलं. यंत्राने वाचायच्या मजकुराला लोकेल डॉट रूट, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं लोकेल, द्या.

'१ कट्टा, ५ कट्टे' (कट्टा म्हणजे पोतं) यासाठी प्लुरल्स, म्हणजे एकवचन-अनेकवचनाच्या वेगळ्या स्ट्रिंग, वापरा; मराठीला 'वन' आणि 'अदर' एवढे दोनच प्रकार पुरतात. इंग्रजी फाइलीत 'टुडेज'सारख्या शब्दातल्या वरच्या स्वल्पविरामाआधी उलटी तिरकी रेघ लागते. लिंटचा (कोड तपासणाऱ्या साधनाचा) इशारा लेआउटमधला, म्हणजे पडद्याच्या मांडणीच्या फाइलीतला, मजकूर पकडतो; टोस्टमधला, म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या संदेशातला, सुटतो. तिथे अवतरणाशेजारचं अधिकचं चिन्ह हातानेच शोधावं लागतं.

आणि सगळं झाल्यावर ती 'इन' नावाची स्ट्रिंग फाइलीतून पुसून टाका, नाहीतर पुढचा माणूस ती हमखास वापरतो.