जुनी लुगडी नेसून दिवाळीची भटकंती: पुणे, मेणवली आणि औंध

वसुबारस ते त्रिपुरी पौर्णिमा हे दिवस मी जुन्या कापडांसाठी राखून ठेवते. घरात आजीची, आत्याची आणि ओळखीच्या बायकांनी विश्वासाने सोपवलेली बरीच लुगडी आहेत: इरकली, चंद्रकळा, एक विटलेली पण अजून दम धरून असलेली पैठणी, शिवाय खणाची पोलकी. ती लग्नाच्या हॉलमध्ये एसीत तासभर मिरवून परत कपाटात ठेवायची, हे मला पटत नाही. अशी लुगडी नेसून बायका जिथे वावरल्या, त्या वास्तूंमध्ये ती नेसून जावं. जोत्यावर टेकावं, अंधारा जिना चढावा, घाटाच्या पायऱ्या उतराव्यात. काष्टा कशासाठी घालत आणि पदर कमरेला का खोचत, हे तिथे अंगाला कळतं.

यंदा पाडव्याला पुणे, भाऊबीजेनंतर वाई-मेणवली आणि मग औंध असा बेत केला. ज्यांना अशीच भटकंती करायची आहे त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी कापडाची तपासणी. लुगडं पूर्ण उलगडून खिडकीच्या उजेडासमोर धरा. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर आधी विरतं, कारण वर्षानुवर्षं ते एकाच जागी दुमडलेलं असतं. तिथे धागे सुटे दिसले किंवा बारीक फटी दिसल्या, तर ते नेसू नका. शेल्यासारखं खांद्यावर घ्या. कापड वरवर धडधाकट दिसलं तरी जुनं रेशीम काष्टा घालून नेसणं धोक्याचं. मांडी घातली की सगळा ताण मागच्या बाजूला येतो आणि तिथेच ते टरकन फाटतं. वाड्यांमध्ये आणि घाटांवर फिरायला सुती किंवा सुती-रेशमी इरकल उत्तम.

इरकलीचा मात्र एक नाजूक भाग असतो. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलच्या विणकरांची जुनी पद्धत अशी, की अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळे असतात आणि ते मागावरच एकमेकांत फासे घालून जोडले जातात. पदर बहुधा लाल रेशमाचा, त्यात पांढरे पट्टे. जुन्या इरकलीत या जोडावर उभा ताण पडला की पदर सुटायला लागतो. खांद्यावर पिन लावायचीच असेल तर जोडापासून लांब लावा, आणि पोलक्याच्या आतून लावा.

ही कापडं उन्हात घातलेली असताना आमच्या गल्लीत 'जुनी जर' घेणारा आला होता. पूर्वीची खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. हे लोक लुगडं वजनावर घेतात, जाळतात आणि चांदी काढून घेतात. हातात येणारी रक्कम त्या वेळी बरी वाटते, पण काठपदरावर कुणाच्या तरी बोटांनी महिनोन्‌महिने घातलेली वीण तासाभरात राख होते. कृपा करून विकू नका. नको असेल तर नात्यातल्या एखाद्या हौशी मुलीला द्या. जुन्या पैठणीला कात्री लावून ड्रेस किंवा 'शिवलेली नऊवारी' करून घेण्याच्याही मी विरोधात आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर अखंड कापड, ते एकदा कापलं की कापलं.

पाडव्याच्या पहाटे पुण्यात सगळी गर्दी सारसबागेत लोटते. तळ्यातल्या गणपतीसमोर नटूनथटून आलेली तरुण मंडळी बघायला मलाही आवडतं, पण त्या रेटारेटीत जुनं कापड नेऊ नये. मी नवी सुती साडी नेसून दर्शन घेतलं, घरी येऊन फराळ केला आणि मग लुगडं नेसून बाहेर पडले. नेसवायला आत्या होती. कमरेची पहिली गाठ तिने दोनदा सोडायला लावली. "अगं, गाठ नीट बसली की बाकीचं लुगडं आपसूक बसतं. काष्ट्याची घाई करू नकोस." तिचं खरं होतं. दिवसभर एकदाही निऱ्या आवराव्या लागल्या नाहीत.

पहिला थांबा बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. पेशवाई गेल्यावर 1821 साली इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दर्शनी बाजूचे सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब समोरच्या फुटपाथवरून डोळे भरून बघा. फोटोसाठी सकाळी नऊच्या आत जा. नंतर तुळशीबागेची गर्दी सुरू होते आणि उभं राहायला जागा मिळत नाही.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. जुन्या वेषभूषेची आवड असलेल्यांनी इथे अर्धा दिवस काढावाच. हा संग्रह जमवणारे काकासाहेब केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांचा मुलगा राजा सातव्या वर्षी गेला आणि त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला. संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. लोक थेट मस्तानीमहालाच्या दालनाकडे धावतात. कोथरूडच्या महालाचे भाग आणून ते उभारलं आहे आणि ते देखणंच आहे. पण मी जास्त वेळ रमले ती साजशृंगाराच्या लहानलहान वस्तूंत. फण्या, कुंकवाचे करंडे, आणि पाय घासायच्या पितळी वज्री. वज्री म्हणजे टाच घासायची साधी गोष्ट, पण तिच्या मुठीवर कारागिराने पक्षी, प्राणी बसवले आहेत. नऊवारीत घोटा आणि टाच उघडी दिसते, तेव्हा पायांची निगा हाही नटण्याचाच भाग असणार, हे त्या कपाटासमोर उभं राहिल्यावर लक्षात आलं. अडकित्त्यांचं कपाटही चुकवू नका. दिवाळीच्या मुख्य दिवसांत वेळा बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करून विचारा. जिने अरुंद आहेत, निऱ्या हातात धरून चढा.

संध्याकाळी बालगंधर्व रंगमंदिरात जायचं कारण नाटक नव्हतं. 1968 साली सुरू झालेल्या या वास्तूत गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली नारायणराव राजहंसांची, म्हणजे बालगंधर्वांची, दोन मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. ते रंगमंचावर जशी पातळं नेसत, जसा अंबाडा घालत, जसे दागिने मिरवत, त्याची नक्कल त्या काळच्या घरंदाज बायका करत. गंधर्व नाटक मंडळी 1913 सालची. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मराठी बायकांची फॅशन ठरवण्यात एका पुरुष नटाचा मोठा वाटा होता. स्त्रीवेशातल्या चित्रासमोर उभं राहून पदर खांद्यावरून कसा येतो ते बघा आणि घरी आरशासमोर तसा घेऊन बघा. शिकवणी लावावी लागत नाही.

पाडव्याच्या रात्री दिवे लावायला जाणार असाल तर रेशीम घरी ठेवा. तेलाचा डाग रेशमातून सहजी निघत नाही. नायलॉन-जॉर्जेट तर मुळीच नको, ते पेटलं की वितळून अंगाला चिकटतं. पणत्यांजवळ वाकायचं तर पदर कमरेला घट्ट खोचलेली सुती नऊवारीच बरी, कारण लोंबतं असं काही राहत नाही.

भाऊबीज झाल्यावर वाई. पुण्याहून नव्वदेक किलोमीटर, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं. स्वारगेटहून एसटी मिळते. गाडीने जाणार असाल तर सीटबेल्ट आणि पदर यांच्यामध्ये मऊ सुती रुमाल ठेवा, पट्ट्याने जर घासली जाते. वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन आणि स्वच्छतागृहाचं काम उरकूनच पुढे निघा. मेणवली तिथून तीनेक किलोमीटर.

मेणवलीला कृष्णेच्या काठी नाना फडणवीसांचा वाडा आहे. आत एकामागे एक चौक. पहिल्या चौकात आपला आवाज घुमतो, पुढच्या चौकात तो मऊ होतो. भिंतींवर जुनी चित्रं आहेत. काही फिकी पडली आहेत, काही अजून टवटवीत. हात लावू नका, पाठ टेकू नका, फ्लॅश वापरू नका. मी जाणूनबुजून, लुगडं सावरायचं नाही असं ठरवून जिना चढले. पायरी उंच, डोक्यावर छत खाली, एक हात भिंतीला. गोल साडी असती तर दुसरा हात निऱ्यांत अडकला असता. काष्ट्यात तो मोकळा राहतो, आणि त्या हातात तांब्या किंवा मूल असणाऱ्या बाईला त्याची किती गरज असेल! नऊवारीतली मोकळीक मी पुस्तकात अनेकदा वाचली होती, ती पटली या जिन्यावर.

वाड्यामागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. तिथेच ती प्रसिद्ध घंटा. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर 1707 साल आहे आणि मेरीची आकृती आहे. मी वाकून आकडे बघत होते, तेवढ्यात खाली कपडे धुणाऱ्या आजी म्हणाल्या, "बाई, लुगडं झ्याक हाय, पर काष्टा वाईच वर खोचा. पायऱ्या वल्ल्या हाईत." मी ओचा, म्हणजे समोर खोचलेला भाग, वर ओढला, चपला काढल्या, मग खाली उतरले. तुम्हीही ओल्या दगडावर कोल्हापुरी घालून उतरू नका. चामडं भिजलं की तळवा घसरतो आणि चप्पलही वाया जाते.

फोटोसाठी सकाळी आठ ते दहा हा वेळ सगळ्यात चांगला. उन्हं तिरपी असतात, घाटावर गर्दी नसते, आणि गावातल्या बायकांच्या धुण्याच्या कामात आपली लुडबुड होत नाही. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

औंधला जायचं म्हणजे साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. फोनच्या नकाशात नुसतं 'औंध' टाकलं तर तो पुण्याच्या औंधला नेतो, जिल्हा पाहून घ्या. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, 1938 साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेलं. ते स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी गोळा केलेलं बघून थक्क व्हायला होतं. एवढ्याशा संस्थानाच्या या संग्रहात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं शिल्पसुद्धा आहे.

मी गेले होते राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं बघायला. रविवर्मा केरळचे, पण त्यांनी पुराणातल्या नायिकांना आणि देवींना नऊवारी नेसवली. पुढे 1894 साली मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या चित्रांनी मराठी नेसण देशभरच्या देवघरांत पोचवली. छापील चित्रात काठ म्हणजे पिवळी पट्टी दिसते. मूळ तैलचित्रात मात्र जर कुठे चमकते आणि घडीत कुठे काळवंडते, हे वेगळं दिसतं. माझ्या अंगावरच्या पदराकडे आणि चित्राकडे मी आळीपाळीने बघत होते. जुन्या जरीचा तो मंद, किंचित तांबूस उजाळा रंगात पकडायला माणसाने खरं कापड तासन्‌तास न्याहाळलेलं असलं पाहिजे. या एका दालनासाठी औंधची वाट वाकडी करा. डोंगर चढायचा आहे, म्हणून लुगडं हलकं निवडा आणि पाणी बरोबर ठेवा. गावात खाण्याची सोय बेताची, आम्ही घरून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चिवडा नेला होता.

त्रिपुरीला जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात गेले. आठव्या शतकातलं कोरीव लेणं आणि खांबांमधून लावलेल्या पणत्या. काळी चंद्रकळा संक्रांतीची, हे मान्य, पण त्या दगडापुढे तीच शोभते, म्हणून तीच नेसले.

परत आल्यावरचं काम टाळू नका. लुगडं लगेच घडी घालून ठेवू नका. घाम जरीला काळं पाडतो, म्हणून रात्रभर सावलीत, वाऱ्यावर, जाड काठीवर पसरून ठेवा. बारीक तारेवर नको, वळ उठतो. अत्तर आणि स्प्रे कपड्यावर न मारता कानामागे, तेही नेसायच्या आधी. घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घाला आणि दुमडीत धुतलेल्या मलमलीची गुंडाळी ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. आणि जुन्या लुगड्याला फॉल लावायला शिंप्याकडे देऊ नका, मशीनची सुई विरलेल्या काठावर ओळीने भोकं पाडते. लावायचाच असेल तर बारीक सुईने, हाताने, लांब टाक्यांनी लावा, म्हणजे पुढे कधी उसवताना काठ दुखावणार नाही.