अनामिक कासवाची शंका

एप्रिलअखेर आमच्याकडे आंब्याच्या पेट्यांबरोबर अफवांचाही हंगाम असतो. रत्नागिरीत बसून मी एका बागायतदार संघाचं जनसंपर्काचं काम बघते. त्या दिवशी सकाळीच एक व्हिडिओ फिरायला लागला. कुठल्याशा गोदामात कोणीतरी पेट्यांत कागदाच्या पुड्या ठेवतंय आणि खाली ओळ, ‘हा बघा कोकणचा हापूस, कार्बाइडवर पिकवलेला’. गोदाम कुठलं, वर्ष कुठलं, कशाचा पत्ता नाही. दहा वाजेपर्यंत वाशीच्या दलालांचे फोन सुरू झाले.

निवेदन दुपारपर्यंत वर्तमानपत्रांकडे जायला हवं होतं. अध्यक्ष देवगडला बागेत, पॅकहाऊसचे व्यवस्थापक पावसला, लिहिणारा मुलगा मुंबईच्या एजन्सीत. मी गूगल डॉक उघडून सगळ्यांना लिंक दिली. एका परिच्छेदात तीन कर्सर पळताना बघून अजूनही मला गंमत वाटते. कोण काय खोडतंय ते तिथल्या तिथे दिसतं, आणि नको ते खोडलं गेलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. ईमेलवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘आता तरी फायनल’ अशा फाइली फिरवण्याचे दिवस मी काढलेत.

तासाभराने पानाच्या वरच्या कोपऱ्यात अनोळखी पाहुणे दिसायला लागले. अनामिक कोल्हा, अनामिक कासव, अनामिक आणखी काहीबाही. लॉगिन न करता कोणी आलं की गूगल त्याला प्राण्याचं नाव देतं. अध्यक्षांनी कौतुकाने लिंक बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती! मुंबईहून लगेच फोन, “मॅडम, ॲक्सेस बंद करा, हे बाहेर गेलं तर?” त्याचं म्हणणं रास्त होतं. अर्धवट निवेदनाचा स्क्रीनशॉट व्हिडिओपेक्षा महागात पडला असता. लिंकवाल्यांचा लिहिण्याचा अधिकार मी काढून घेतला, पण कमेंट करण्याची मुभा ठेवली. पूर्ण दार लावायला हात धजेना, कारण तेवढ्यात एक कमेंट येऊन पडली होती.

मसुद्यात वाक्य होतं, ‘आमचा प्रत्येक आंबा पूर्णपणे नैसर्गिक पद्धतीने अढीतच पिकतो.’ अढी म्हणजे गवतात रचून पिकवणं. त्या वाक्याच्या बाजूला कोणीतरी, बहुधा त्या अनामिक कासवाने, लिहिलं होतं, “ह्यां खरां नाय. चेंबरातलो आंबो खंय गेलो?”

मी पावसला फोन लावला. व्यवस्थापक दोन क्षण गप्प, मग म्हणाले, “बरोबर आहे ओ. बराच माल इथिलीनच्या चेंबरमध्येच पिकतो.” त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. इथिलीन हा वायू फळ पिकताना स्वतःच सोडतं, आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १०० पीपीएमपर्यंत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, त्याचा वापर मान्य केलेला आहे. कार्बाइडची गोष्ट वेगळी. त्याचा ओलाव्याशी संबंध आला की ॲसिटिलीन वायू सुटतो, सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात, म्हणून फळं पिकवायला त्याच्यावर बंदी आहे. लोकांना नेमका हा फरक सांगायची संधी होती आणि आम्ही ‘नैसर्गिक’ म्हणून ती घालवायला निघालो होतो.

मुंबईचा मुलगा ऐकेना. “इथिलीन शब्द आला की लोकांना केमिकलच दिसणार,” तो म्हणाला. जाहिरात असती तर मी मानलंही असतं. पण हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्याच आंब्याचं झालं, ते नाव वापरणाऱ्यांनी आपला माल कसा पिकतो हेच झाकायचं? शेवटी वाक्य बदललं: ‘काही आंबा अढीत, काही इथिलीन चेंबरमध्ये पिकतो, कार्बाइड आम्ही वापरत नाही.’ अध्यक्षांनी देवगडहून ‘ओके’ टाकलं.

निवेदन गेलं. संध्याकाळी एका वार्ताहराचा पहिलाच प्रश्न आला, “चेंबरमध्ये नक्की काय सोडता?” मी त्याला व्यवस्थापकांचा नंबर दिला आणि दुसऱ्या दिवशी पॅकहाऊस बघायला बोलावलं. तो आलाही.

आता महत्त्वाचा मसुदा मी अर्धा तास तरी ग्रुपवर ठेवते, फक्त कमेंटपुरता खुला. मुंबईच्या एजन्सीला ते आजही पटत नाही. ते कासव कोण होतं, हे ग्रुपवर अजून कोणी कबूल केलेलं नाही. अध्यक्षांना मात्र दाट संशय आहे, आणि तो त्यांच्या सख्ख्या चुलत्यावर आहे.