ग्रिड पोचेपर्यंतचा चार्जर : ब्रिटनमधला हायड्रोजनचा हिशेब

इकडे ब्रिटनमध्ये चार इलेक्ट्रिक गाड्यांना एकाच वेळी १५० किलोवॉटने चार्जिंग द्यायचं, तर ६०० किलोवॉटची जोडणी लागते. जवळच्या सबस्टेशनात तेवढा भार घ्यायची सोय नसली की नवा ट्रान्सफॉर्मर आला, केबलसाठी रस्ता खणायची परवानगी आली, आणि रांग आली. बांधकामाच्या साइटवर किंवा शेतात भरणाऱ्या संगीतमहोत्सवात तर ग्रिडची जोडणीच नसते, तिथे डिझेल जनरेटर धडधडतो. १ एप्रिल २०२२ पासून बांधकामवाल्यांना कमी कराचं लाल डिझेल वापरणं बंद झालं. हायड्रोजन फ्यूएल सेलवरचे (म्हणजे हायड्रोजनपासून जागेवरच वीज तयार करणारे) चार्जर विकणाऱ्या आणि भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना संधी दिसते ती इथेच. एएफसी एनर्जी या ब्रिटिश कंपनीने २०२१ मध्ये सौदीतल्या अल उला इथे, एक्स्ट्रीम ई शर्यतीच्या इलेक्ट्रिक गाड्या हायड्रोजनवर चार्ज करून दाखवल्या. जिओप्युरा ही दुसरी ब्रिटिश कंपनी असे संच भाड्याने देते.

गुंतवणूक करण्याआधी एका किलो हायड्रोजनचा प्रवास समजून घ्या. तो तयार करायला इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्राला, ५० ते ५५ युनिट वीज लागते, दाबून भरायला आणखी काही. फ्यूएल सेलमधून परत मिळतात साधारण १५ ते १६ युनिट. म्हणजे जिथे ग्रिडची जोडणी आहे, तिथे हा धंदा उभाच राहत नाही. तिथे कोणी हायड्रोजन चार्जरची योजना मांडत असेल, तर पुढचं पान उलटायचीही गरज नाही.

आता दर बघू. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने हायड्रोजन उत्पादनाला अनुदान द्यायच्या पहिल्या फेरीत ११ प्रकल्प निवडले, एकूण १२५ मेगावॉटचे. उत्पादकाला मिळणारा सरासरी दर ठरला मेगावॉट-तासाला २४१ पौंड. किलोमागे ३९.४ युनिट उष्णता धरली, की किलोला साडेनऊ पौंड होतात. त्यातला मोठा भाग अनुदानातून भरला जातो. पण अनुदान बाजूला ठेवलं तर नुसत्या इंधनाचाच खर्च चार्जिंगच्या युनिटमागे ६० पेन्सच्या वर जातो, आणि यात वाहतूक धरलेलीच नाही. डिझेल लिटरला १.४० पौंड आणि लिटरमागे साडेतीन युनिट धरले, तर जनरेटरची वीज ४० पेन्सला पडते.

वाहतुकीत तर खरी गोम आहे. १५ सिलिंडरच्या एका रॅकमध्ये २०० बार दाबाला जेमतेम ११ किलो गॅस मावतो. रोज २० गाड्यांना ३०-३० युनिट द्यायचे तर ४० किलो लागतो, म्हणजे दिवसाला चार रॅक, तेही पूर्ण रिकामे होत नाहीत, कारण दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरला तळाशी थोडा दाब लागतोच. ट्यूब ट्रेलर आणला तर ३०० किलोच्या आसपास गॅससाठी तीस-चाळीस टनांचं धूड रस्त्यावर पळवावं लागतं. पुरवठादार दीडशे मैलांवर असला की नफा तिथेच संपतो.

यंत्राचं बघा. फ्यूएल सेलला भाराचे झटके सोसत नाहीत. गाडी लावताच भार शून्यावरून १५० किलोवॉटवर गेला आणि हायड्रोजन वेळेत पोचला नाही, तर सेलच्या ॲनोडमधला (हायड्रोजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडमधला) कार्बन झिजतो. म्हणून मध्ये मोठी बॅटरी ठेवतात. लहान सेल तिला सतत भरत राहतो आणि गाडीला वीज बॅटरी देते. इथेच आमची मोठी शंका आहे: तीच बॅटरी ट्रेलरवर टाकून, रात्री जवळच्या जोडणीवरून भरून आणणारे स्पर्धक बाजारात आहेत. याशिवाय हायड्रोजन ९९.९७ टक्के शुद्ध लागतो, कार्बन मोनॉक्साइड दशलक्षात ०.२ भागापेक्षा जास्त चालत नाही. अमोनियातून हायड्रोजन काढला तर उरलेला अमोनियाही सेलमधल्या पातळ पडद्याला मारक. कडाक्याच्या थंडीत बंद करताना आतलं पाणी बाहेर काढलं नाही, तर ते गोठून सेल बिघडतो.

ही पार्श्वभूमीही विसरू नका: बॉशने फेब्रुवारी २०२५ मध्ये सिरीस या ब्रिटिश कंपनीच्या तंत्रावरच्या सॉलिड ऑक्साइड सेलचं (फ्यूएल सेलचाच एक प्रकार) काम थांबवलं, आणि त्याच महिन्यात अमेरिकेत हायड्रोजनवरचे ट्रक बनवणारी निकोला दिवाळखोरीत गेली.

तिकडून, भारतातून पैसे लावणाऱ्यांसाठी: एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. तो विवरणपत्रात वजा मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. एएफसीसारखे लहान शेअर लंडनच्या एआयएम या लहान कंपन्यांसाठीच्या शेअर बाजारात असतात, त्यांवर मुद्रांक शुल्क नाही. मात्र कंपनी पुन्हा पुन्हा नवे शेअर काढून तुमचा वाटा पातळ करते का, हे आधी तपासा. आणि हेच संच भारतात आणायची भाषा कोणी करत असेल, तर त्यांच्या सिलिंडरना नागपूरच्या पेसो या स्फोटकं आणि दाबाखालच्या सिलिंडरांची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची मंजुरी आहे का, ते विचारा.

वार्षिक अहवालात आम्ही पहिल्यांदा शोधतो ते असं: किती संच विकले यापेक्षा किती दिवस भाड्यावर चालले, स्टॅकची (एकावर एक रचलेल्या सेलच्या गठ्ठ्याची) हमी किती तासांची, आणि हायड्रोजनचा पुरवठा करार किती वर्षांचा, कोणत्या दराने.