आत्याची गोळी आणि अडकित्ता

"गोळी जशीच्या तशी पडली गं. पैसे पाण्यात!"

परभणीहून आत्याचा फोन, सकाळी पावणेसातला. कुठे पडली, हे विचारावं लागलं नाही. आत्या अशा बाबतीत आडपडदा ठेवत नाही, रंग-आकारासकट सांगते. पहिल्यांदा शौचात दिसली तेव्हा 'वाया गेली' म्हणून तिनं लगेच दुसरी गोळी घेतली होती. मग तिनं यावर उपाय काढला: आजोबांचा अडकित्ता. चार दिवस ती गोळीचे सुपारीसारखे तुकडे करून गिळत होती आणि चार दिवस पोट बिघडलं होतं.

गोळी मधुमेहाची, मेटफॉर्मिन, १००० मिलिग्रॅम, एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी. आणि मी गेली अकरा वर्षं वाळूजच्या एका कंपनीत काय करते? एसआर गोळ्याच बनवते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शनिवारी परभणीला गेले. समजावून सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून आत्याच्याच स्ट्रिपमधली एक गोळी काचेच्या पेल्यात पाण्यात टाकली आणि आम्ही भाजी निवडत बसलो. अर्ध्या तासानं गोळीभोवती पारदर्शक, बुळबुळीत थर धरला होता.

"अगं बाई, हा तर साबुदाणा!"

मी हेच अर्धा तास शास्त्रीय भाषेत सांगितलं असतं. गोळीत औषधासोबत हायप्रोमेलोज नावाचा पदार्थ असतो, आम्ही एचपीएमसी म्हणतो. पाणी लागलं की तो फुगतो, त्याची जेली होते आणि औषधाला त्या जेलीतून वाट काढत बाहेर यावं लागतं. त्याला काही तास लागतात. मेटफॉर्मिन मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं, म्हणून ते तिथे थोडं थोडं पोचत राहिलेलं बरं. 'रात्री जेवणाबरोबर' हेही उगाच लिहिलेलं नसतं. पोटात अन्न असलं की गोळी तिथे जास्त वेळ थांबते. उपाशीपोटी घेतली तर जितकं औषध शोषलं जातं, त्याहून सुमारे ५० टक्के जास्त जेवणाबरोबर घेतल्यावर शोषलं जातं. औषध निघून गेलं तरी जेलीचा सांगाडा उरतो आणि कधीकधी तो शौचातून बाहेर पडतो. आत्याला दिसली ती गोळी नव्हती, रिकामं घर होतं.

आमच्याकडे त्याला सरळ 'घोस्ट' म्हणतात. गोळीतून औषध किती वेगानं सुटतं ते मोजणाऱ्या डिसोल्यूशन मशीनमध्ये सहा काचेची भांडी, ३७ अंशांचं द्रावण, मधे फिरणारं पॅडल. पहिल्या तासाला किती औषध सुटलं, तिसऱ्या तासाला किती, दहाव्याला किती, असे नमुने काढत बसायचं. पहिल्या तासालाच जास्त सुटलं तर पुन्हा श्रीगणेशा. दहा तासांनी तळाशी ही भुतं पडलेली असतात. ती धुऊन काढायचं काम नेहमी नव्या ट्रेनीचं. हातातून सुळकन निसटतात. मीही धुतली आहेत.

अडकित्त्याखाली काय झालं, हे आता आत्याला सांगायची गरज नव्हती. तुकडे केले की पाणी चारी बाजूंनी शिरतं आणि रात्रभरात पुरवून सुटायचं औषध फार लवकर मोकळं होतं. मेटफॉर्मिन असं एकदम आलं की मळमळ आणि जुलाब. पहिल्या रात्री तर दोन गोळ्या पोटात होत्या. नशीब, ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधासोबतची जोडगोळी नव्हती, नाहीतर साखर खाली जाऊन पहाटे वेगळीच धावपळ झाली असती.

मग सहज विचारलं, "अजून कोणती फोडतेस?"

"ती सकाळची पित्ताची. पिवळी. तीही विरघळत नसेल म्हटलं."

पॅन्टोप्रॅझोल! म्हणजे नेमका उलटा मामला. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या या औषधाला आम्लच सहन होत नाही. म्हणून त्यावर असं आवरण देतात, जे जठरात टिकतं आणि पुढे आतड्यात, आम्लता कमी झाली की विरघळतं. प्रयोगशाळेत अशा गोळ्या दोन तास पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात हलवत ठेवतो. एकीलाही तडा जाता कामा नये. आत्यानं ते आवरण फोडून औषध थेट आम्लाच्या हवाली केलं होतं. "तरीच जळजळ कमी होत नव्हती," असं ती अगदी शांतपणे म्हणाली.

मला राग आला, पण आत्याचा नाही. तिची स्ट्रिप उलटसुलट करून पाहिली. 'चावू नये, फोडू नये' हे इंग्रजीत होतं, मुंगीएवढ्या अक्षरात, तेही निम्मं कापलेलं, कारण दुकानदार दहाची स्ट्रिप कात्रीनं कापून चार-सहा गोळ्या देतो. खोका तर पेशंटपर्यंत पोचतच नाही. माझ्या एका प्रॉडक्टमध्ये पहिल्या तासाचा आकडा बसवायला आम्ही आठ महिने घालवले. 'शौचातून गोळीसारखं काही दिसलं तर घाबरू नका' हे वाक्य मराठीत कुठे छापायचं, यावर त्या आठ महिन्यांत आठ मिनिटंही बोलणं झालं नाही. त्या मीटिंगांमध्ये मीही होते.

डॉक्टरांना फोन करून आत्यानं स्वतःच सगळं सांगितलं, साबुदाण्यासकट. दुसऱ्या आठवड्यात पोट ताळ्यावर आलं. अडकित्ता पुन्हा पानाच्या डब्यात गेला.

आता ती गल्लीची सल्लागार झाली आहे. परवा पुन्हा फोन: "शेजारच्या काकूंच्या बीपीच्या गोळीवर मधे रेघ आहे. अर्धी केली तर चालेल का?"

मी म्हटलं, रेघेचा तसा अर्थ असू शकतो. हळू सुटणाऱ्या काही गोळ्या बारीक बारीक, वेगवेगळं आवरण दिलेल्या कणांच्या बनवतात, त्या रेघेवर तोडता येतात, पण तरीही कुटायच्या किंवा चावायच्या नाहीत. मात्र नाव कळल्याशिवाय काही सांगणार नाही. काकूंना म्हणावं, आत्ता आहे तशीच घ्या आणि स्ट्रिपचा फोटो पाठवा.

फोटो आला. तीन गोळ्या उरलेल्या, एक्स्पायरी कापली गेलेली, नावाचं पहिलं टोक कात्रीत गेलेलं. वाचता आलं ते एवढंच: 'प्रोलॉल'. मेटोप्रोलॉल की बिसोप्रोलॉल, कोण जाणे. काकूंना दुकानात पाठवलंय.