फ्रेंच धाटणीच्या जेवणाला फुलं कशी मांडावीत

फ्रेंच घरातल्या टेबलावरची फुलं आत्ताच बागेतून तोडून भांड्यात सोडल्यासारखी दिसतात. तसं दिसायला फुलांचे प्रकार आवरावे लागतात. दोन जाती, फार तर तीन, सोबत एकच पाला आणि रंग एकमेकांच्या जवळचे. सात प्रकार एकत्र आले की तो सत्काराचा गुच्छ होतो.

जुन्या फ्रेंच पद्धतीत एका फेरीतले सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात. १९व्या शतकात एकेक पदार्थ आतून आणून वाढण्याची रशियन पद्धत तिथे रुळली, टेबलाचा मधला भाग मोकळा झाला आणि फुलांना तिथे हक्काची जागा मिळाली. म्हणून आधी जेवण कसं वाढणार ते ठरवा. मोठी भांडी मध्येच ठेवणार असाल, तर फुलं सरळ बाजूच्या कपाटावर जाऊ द्या.

मग टेप घेऊन टेबल मोजा. रुंदी ९० सेंमी धरू. काठापासून २ सेंमी सोडून २८ सेंमीची प्लेट, तिच्यापुढे ग्लासला ८ सेंमी. दोन्ही बाजूंचे मिळून ७६ सेंमी गेले, उरले १४. त्यातच मेणबत्त्या, मीठ आणि पाव. २५ सेंमीचा गोल गुच्छ इथे मावत नाही, आणि तरीही ठेवलाच तर पहिल्याच अर्ध्या तासात कुणाचा तरी ग्लास कलंडतो. त्यापेक्षा १० ते १२ सेंमी उंचीच्या लहान बाटल्या किंवा काचेचे पेले घ्या. सहाजणांच्या १८० सेंमी लांब टेबलाला सात पुरतात. एकूण २१ देठ लागतात: ९ गुलाब, ७ लहान फुलं, ५ पाल्याच्या काड्या. चारेक जास्तीचे ठेवा, मोडतोड होतेच. एखाद्या बाटलीत एकच गुलाब, शेजारच्या दोघींत चार-चार देठ, आणि बाटल्यांमधली अंतरंही कमीजास्त. मोजून सारख्या ठेवल्या की मेजवानीचा हॉल वाटतो.

उंचीसाठी खुर्चीवर बसा, कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा. फुलं मुठीच्या वर जाता कामा नयेत. समोरच्याचा चेहरा दिसला पाहिजे.

खरं काम आदल्या दिवशीचं. फुलं घरी आली की पाण्याखाली येणारी सगळी पानं काढा. ती कुजली की पाण्यात जंतू वाढतात आणि देठाच्या नळ्या तुंबतात. धारदार कात्रीने २ ते ३ सेंमी देठ तिरका कापून लगेच स्वच्छ भांड्यातल्या पाण्यात ठेवा आणि रात्रभर थंड, अंधाऱ्या जागी राहू द्या. शेजारी पिकलेली फळं नकोत; फुलं फ्रिजमध्ये ठेवलीत तर तिथेही फळं नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन आणि स्वीट पी लवकर माना टाकतात.

गुलाबाची मान वाकली असेल तर बहुतेक वेळा देठात हवा अडकलेली असते. देठ पुन्हा कापा, फूल कागदात सरळ गुंडाळा आणि तासभर खोल, हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात उभं करा. हायड्रेंजिया सुकला तर त्याचं अख्खं डोकं अर्धा-पाऊण तास पाण्यात बुडवा, तो पाकळ्यांतूनही पाणी ओढतो. पिओनीची कळी दाबल्यावर मऊ लागेल अशी, दोन दिवस आधी घ्या. कडक कळी जेवण संपेपर्यंत उघडणार नाही. ट्यूलिप तोडल्यावरही वाढतो आणि उजेडाकडे वळतो, म्हणून काल नीट बसवलेला आज उंच दिसतो. त्याला थोडा आखूड कापा आणि पाणी कमी ठेवा. नार्सिससच्या देठातला चिकट रस इतर फुलांना मारक असतो, तो निदान १२ तास वेगळ्या पाण्यात राहू दे. नंतर त्याचा देठ पुन्हा कापू नका, नाहीतर रस पुन्हा सुटतो.

मोठं पसरट भांडं वापरायचंच असेल तर जाळीच्या तारेचा सैल गोळा करून आत बसवा, वरून टेपच्या दोन पट्ट्या. फ्लोरल फोम, म्हणजे फुलं खोचायचा स्पंजसारखा ठोकळा, टाळा. रॅननक्युलसचे मऊ देठ त्यात मोडतात, आणि फुलं ताठ, खिळे ठोकल्यासारखी दिसतात.

वास हा फ्रेंच जेवणात नाजूक विषय. निशिगंध आणि सुवासिक लिली कितीही आवडत्या असल्या तरी टेबलावर नकोत, त्या वाइनचा आणि चीजचा वास गिळून टाकतात. त्या प्रवेशदारापाशी शोभतात. मेणबत्त्याही बिनवासाच्याच. त्यांच्या उजेडात गडद जांभळी आणि निळी फुलं काळी पडल्यासारखी दिसतात. पांढरा, सायीचा, फिकट गुलाबी, पीच हे रंग खुलतात. ज्योतीपासून फुलं निदान १० सेंमी लांब ठेवा, वाळलेली लॅव्हेंडर आणखी दूर. ती भुर्रकन पेटते.

शेवंती मात्र इथे वगळा. फ्रान्समध्ये ती १ नोव्हेंबरच्या सुमारास कबरींवर वाहतात, त्यामुळे फ्रेंच पाहुणा असेल तर त्याला ती खटकू शकते. लिली ऑफ द व्हॅली १ मेला तिथे शुभ म्हणून भेट देतात, पण ती पूर्ण विषारी आहे, भांड्यातलं पाणीसुद्धा. जेवणाच्या टेबलापासून लांबच बरी.

नॅपकिनवर काही ठेवायचं असेल तर स्वयंपाकासाठी आणलेल्या रोझमेरीची काडी पुरे. दुकानातल्या फुलांवर कीटकनाशकं मारलेली असतात, त्यामुळे चीजच्या पाटावर किंवा केकवर त्यांच्या पाकळ्या पसरू नका.