डिचोलीतले दगड आणि पाचवीचा वर्ग

चोर्ला घाटानं गोव्यात उतरायचं ठरवलं ते दगडांसाठीच. बेळगाव सोडलं की जांबोटी, मग मलप्रभेच्या उगमाचं कणकुंबी आणि मग ती वळणं. गोव्याच्या ईशान्य टोकाला आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट अजून सोबत असतो, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या दक्षिणेला अनमोड घाटातला नाइस हा पट्टेदार खडक मात्र सुमारे ३४० कोटी वर्षांचा. एवढ्याशा राज्याच्या कडेला एवढ्या वेगवेगळ्या वयाची माणसं शेजारी राहावीत, तसे हे दगड राहतात. केरीला उतरले, तेव्हा नोव्हेंबरचं ऊन कोवळं होतं आणि रस्त्याकडेची माती तांबडीलाल.

डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत माझी मैत्रीण शिकवते. तिनं तीन दिवसांसाठी बोलावलं होतं, चौथी-पाचवीच्या मुलांना दगड-खनिजं दाखवायला. कोल्हापुरात मुलं मला ‘बाई’ म्हणतात, इथं पहिल्याच मिनिटाला ‘टीचर’ झाले.

पूर्वी मी खोक्यात ठेवलेले, घासूनपुसून चकचकीत केलेले नमुने घेऊन जायचे. मुलं दुरून बघायची, हात मागे. यावेळी खोकं घरीच ठेवलं. सोबत घेतलं ते एवढंच: एक लोहचुंबक, भिंग, लोखंडी खिळे, काचेचे तुकडे (कडा घासून घेतलेले) आणि न्हाणीघरातल्या फरशीचे काही तुकडे. फरशीची चकाकती बाजू नाही, मागची खरखरीत बाजू महत्त्वाची. मुलांना सांगितलं, उद्या येताना वाटेत दिसेल तो दगड आणा. मात्र प्रत्येकाला एक चिठ्ठी हवी: कुठे सापडला, कोणी आणला. नाव मागाहून लिहू. जागा न लिहिलेला दगड माझ्या लेखी नमुना नाही, नुसता दगड.

दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग. अर्धा जांभा, म्हणजे चिऱ्याचे तुकडे. मी समजवायला सुरुवात केली की मुसळधार पावसात खडकातलं सिलिका वगैरे हजारो-लाखो वर्षं धुऊन जातं आणि लोह नि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं उरतात, त्याचा हा दगड. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अभ्यासकानं १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट नाव दिलं, ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “टीचर, खाणीतून काढतात तेव्हा चिरो मऊ असतो. वाऱ्यावर ठेवला की टणक होतो. माझे बाबा कापतात.” हे मी तिसऱ्या मुद्द्यात सांगणार होते. मग मी बाजूला बसले आणि पुढची दहा मिनिटं तिनं शिकवलं: ओला चिरा कसा कापतात, वाकडा निघाला तर काय करतात.

खरी गंमत काळ्या दगडांनी आणली. तीन तुकडे, तिन्ही जवळजवळ सारखेच, काळपट. “हो फातर जड!” असं एकजण दुसऱ्याच्या हातात देत म्हणाला. वजनानं ओळखायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आकारानं तेवढीच गारगोटी मी त्याच्या दुसऱ्या हातात ठेवली, ती निम्म्याच वजनाची लागली. मग म्हटलं, फरशीवर ओढा. रेघेचा रंग कोणता येईल? सगळा वर्ग एका सुरात: काळा!

पहिला दगड ओढला आणि तांबडी रेघ उठली. क्षणभर कोणीच बोललं नाही, मग एकच कल्लोळ. दुसऱ्याची रेघ काळी, बोटंही काळी: मँगनीजचं खनिज. तिसऱ्याची पुन्हा काळी, पण तो चुंबकाला चिकटला: मॅग्नेटाइट. तांबड्या रेघेचं हेमॅटाइट. ही दोन्ही लोहाची ऑक्साइडं. दगडाचा पृष्ठभाग फसवतो, त्याची भुकटी सहसा फसवत नाही. पाटीवर इतकंच लिहिलं.

“देवळाच्या भिंतीवर असाच तांबडा रंग आहे,” मागच्या बाकावरून आवाज आला. बरोबर होतं. इथल्या जुन्या देवळांच्या कावी चित्रांत तांबडी काव चुन्यावर लावतात आणि ओली असतानाच खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करतात. त्या कावेचा तांबडेपणा लोहाच्याच ऑक्साइडचा. घरच्या तुळशीवृंदावनाचा गेरूही तसाच. मुलं फरशीवर जे करत होती, ते त्यांच्या गावात शेकडो वर्षं चाललं होतं.

शिंपल्याच्या भुकटीवर माडाचं विनागर, म्हणजे व्हिनेगर, टाकून बुडबुडे पाहिले, तो तास पटकन संपला.

त्या दुपारी हरवळ्याला गेलो. लेणी पाहायची म्हणून नव्हे, जांभ्याच्या आत शिरायचं म्हणून. पांडवांची म्हणून ओळखली जाणारी ही लेणी जांभ्यातच कोरलेली, आणि भिंतीतली भोकं, नळ्या, तांबड्या-पिवळ्या रेषा मुलांनी बोटांनी नाही, भिंगानं तपासल्या. बोटं लावायची नाहीत हे त्यांना मी नव्हे, त्यांनीच एकमेकांना सांगितलं. शेजारच्या धबधब्याचं पाणी अजून भरपूर होतं. तिथं बसून मी इथल्या डोंगरांतल्या लोहखनिजाच्या पट्ट्यांची गोष्ट सांगितली. फार जुन्या समुद्रात लोह विरघळलेलं होतं, ऑक्सिजनशी गाठ पडली की ते तळाशी बसायचं, थरावर थर. अडीचशे कोटी वर्षांहून जुनी गोष्ट.

“म्हणजे आमचो दोंगर दर्यांत आसलो?”

हो, म्हटलं. प्रश्न विचारणारा मुलगा बराच वेळ धबधब्याकडे बघत राहिला.

२०१२ मध्ये इथल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. या मुलांच्या घरांत ती वर्षं वेगवेगळी गेली आहेत. कुणाच्या विहिरीचं पाणी आटलं, कुणाच्या घरचा ट्रक दारात उभा राहिला. दोन्ही बाजूंची मुलं एकाच बाकावर बसतात, आणि मी बाहेरून आलेली. मी कुणाचीच बाजू वर्गात घेतली नाही. पण डोंगराचं वय त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या सकाळी तोच मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगड घेऊन आला. त्याचे बाबा ट्रक चालवायचे. शेवटच्या खेपेच्या मालातून त्यांनी हा एक तुकडा खिडकीत ठेवून दिला होता, आणि विचारलं होतं, टीचरना ह्याचं नाव माहीत आहे का?

फरशीवर ओढला. रेघ पिवळट तपकिरी आली. मी चिठ्ठीवर ‘गोएथाइट’ लिहिलं, हेही लोहाचंच खनिज. खाली ‘कुठे सापडला’ आणि ‘कोणी आणला’ या दोन ओळी कोऱ्या ठेवून चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्या त्याच्या बाबांनी भरायच्या होत्या.