केबलवाला जायच्या आधी: लिनक्सवर घरचं ब्रॉडबँड

कोल्हापुरात राजारामपुरी असो नाहीतर कसबा बावडा, जोडणी द्यायला आलेल्या मुलाला स्क्रीनवर उबंटू किंवा मिंट (लिनक्सचीच रूपं) दिसलं की तो म्हणतो, "दादा, आमचं विंडोजवरच चालतंय." तो खोटं बोलत नसतो. त्याला शिकवलेली बटणं विंडोजची असतात, एवढंच. नाव आणि पासवर्ड घेऊन नेट सुरू करणारी पीपीपीओई ही पद्धत 1999 सालची आहे आणि 2001 मध्ये आलेल्या लिनक्सच्या गाभ्यापासून, म्हणजे कर्नल 2.4 पासून ती आतच आहे. अडतं ते माहितीवर, आणि ती माहिती त्या मुलाकडेच असते. तो गाडीला किक मारायच्या आधी विचारून घ्या: युजरनेम, पासवर्ड, फायबरचा डबा ब्रिज मोडवर आहे का (म्हणजे तो स्वतः डायल, म्हणजेच लॉगिन, न करता नेट फक्त पुढे देतो का), व्हीलॅन नंबर (एकाच तारेतली वेगवेगळी वाहतूक ओळखायचा आकडा) लावायचा आहे का, आणि मॅक अ‍ॅड्रेस (लॅनकार्डाचा ओळख क्रमांक) बांधला आहे का, म्हणजे त्याच क्रमांकाच्या यंत्राला नेट मिळतं का.

ब्रिजचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. डबा किंवा राउटर स्वतःच डायल करत असेल तर लिनक्सला वेगळं काही करायचं नसतं. केबल खोचा, 192.168 ने सुरू होणारा पत्ता मिळतो आणि नेट चालू. शक्य असेल तर असंच ठेवा. डबा ब्रिजवर असेल आणि राउटर नसेल, तरच मशीनवरून डायल करावं लागतं.

त्यासाठी उबंटूच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये शोधत बसू नका. टर्मिनलमध्ये एनएम-कनेक्शन-एडिटर चालवा (अक्षरं अर्थातच इंग्रजी). अधिकच्या चिन्हावर क्लिक करून डीएसएल/पीपीपीओई निवडा. पॅरेंट इंटरफेसमध्ये तुमचं लॅनकार्ड, मग युजरनेम, पासवर्ड. मधला 'सर्व्हिस' हा रकाना रिकामाच सोडा. तिथे कंपनीचं नाव टाकायचा मोह होतो, आणि ते नाव पलीकडच्या सर्व्हरशी जुळलं नाही तर उत्तरच येत नाही. मॅक बांधलेला असेल तर इथल्याच इथरनेट टॅबमध्ये जुन्या राउटरच्या स्टिकरवरचा मॅक 'क्लोन्ड' रकान्यात भरा. शेवटी आधीपासून असलेल्या 'वायर्ड कनेक्शन 1' चं आपोआप जोडणं बंद करा, नाहीतर दोघं एकाच पोर्टसाठी भांडत बसतात.

नाही जोडलं तर अंदाज लावू नका, लॉग वाचा. जर्नलसीटीएल, मग डॅश यू आणि नेटवर्कमॅनेजर, मग डॅश एफ अशी कमांड एका खिडकीत चालू ठेवा आणि दुसरीकडून कनेक्शन सुरू करा. 'पाडो' पाकिटांची (सर्व्हरकडून येणाऱ्या पहिल्या उत्तराची) वाट पाहून वेळ संपली असं आलं, तर तुमच्या हाकेला पलीकडून कोणी ओ देत नाही: केबल चुकीच्या पोर्टात आहे, डबा ब्रिजवर नाही, व्हीलॅन राहिला आहे किंवा मॅक बांधलेला आहे. पासवर्ड कितीही वेळा बदललात तरी इथे उपयोग नाही. ऑथेंटिकेशन फसलं असं आलं, तर मात्र लाइन ठीक आहे आणि घोळ नाव-पासवर्डात आहे. लहान-मोठी अक्षरं बघा, युजरनेममध्ये अ‍ॅट द रेटनंतरचा भाग राहिला का तेही बघा.

एक फसवा प्रकार वीज गेल्यावर होतो. मशीन धाडकन बंद पडलं की पलीकडे जुनं सेशन जिवंतच राहतं, आणि खात्याला एकच सेशन चालत असेल तर नवीन लॉगिन नाकारलं जातं. पासवर्ड बरोबर असूनही. काही मिनिटं थांबून पुन्हा करा. त्या डब्याला बहुधा 12 व्होल्टचा अ‍ॅडाप्टर असतो. त्याला छोटा यूपीएस लावला तर वळवाच्या पावसातही डबा तरी चालू राहतो.

स्पीड 100 एमबीपीएसच्या वर सरकतच नसेल तर प्लॅनला शिव्या देण्याआधी केबलचं टोक बघा. आठातल्या चारच तारा क्रिंप केलेल्या सापडतात; निळी आणि तपकिरी जोडी बाहेरच कापून टाकलेली. 100 एमबीपीएसला 1, 2, 3 आणि 6 या पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. लॅनकार्डाचा वेग सांगणारी ईथटूल कमांड स्पीड 100 दाखवत असेल, तर कॅट 5ई ची केबल आठही तारांनी पुन्हा क्रिंप करून घ्या. डब्यावर लाल एलओएस दिवा लागला असेल तर मात्र तुमच्या हातात काही नाही, प्रकाशच पोचत नाही. उणे 20 डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) आसपासचा सिग्नल चांगला, उणे 27 च्या खाली लाइन टिकत नाही. फायबरची पिवळी दोरी दाराच्या फटीत दुमडलेली नाही ना, एवढं बघा. हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्याच्या जागी लावू नका, हिरव्याचं टोक 8 अंशांत तिरपं घासलेलं असतं.

काही पानं उघडतात, बँकेचं पान मात्र फिरतच राहतं? इथरनेटचं पाकीट 1500 बाइटचं, त्यातले 8 पीपीपीओई खाते, उरतात 1492. डायल करणारं मशीन हे स्वतः सांभाळतं. पण त्याच मशीनवरून घरातल्या फोनना नेट वाटलंत, तर ते 1500 च धरून चालतात, आणि पाकीट मोठं असल्याचा निरोप वाटेत कुणी अडवला की पान लटकतं. तपासायला पाकीट तुकडे न करता 1464 बाइटचा पिंग (चाचणीचा निरोप) पाठवा. शीर्षकाचे 28 धरून बरोबर 1492 होतात. हा गेला आणि 1465 अडकला, तर निदान पक्कं. उपाय म्हणजे फायरवॉलमध्ये एमएसएस (एका पाकिटातल्या मजकुराची कमाल लांबी) 1452 वर आणायचा.

आणि मशीन थेट डायल करत असेल तर मध्ये राउटरची भिंत नसते. आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचा इंटरनेट पत्ता) मिळालं तर मशीनचा पत्ता बाहेरून सरळ दिसतो. पहिल्यांदा जोडल्यावर लगेच यूएफडब्ल्यू (उबंटूची फायरवॉल) चालू करा, मग बाकीचं.